आमचे ऐकून घेतले, पुढे काय?

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या बचत गटाच्या अकरा जणींना घेऊन मी एका कार्यशाळेला गेले. बचत गटांचा हिशेब मोबाइलवर ठेवण्यासाठी एक कंपनी ॲप तयार करत होती आणि तिला 'प्रत्यक्ष वापरणाऱ्या बायकांशी' बोलायचे होते. आमच्या संघटनेकडे विचारणा आली आणि मी होकार दिला. बायकांना विचारून व्हायला हवे ते आपण होऊन विचारायला आले आहेत, मग नाही कशाला म्हणायचे, असा माझा विचार होता. तो होकार बरोबर होता की चूक, याचा हिशेब मला इथे मांडायचा आहे. आपल्यापैकी अनेक गटांना अशी बोलावणी आता येऊ लागली आहेत, म्हणून तो एकटीने मांडून भागणार नाही.

कार्यशाळा छान झाली, हे आधी सांगते. भिंतींवर मोठे पांढरे कागद आणि टेबलांवर रंगीत चिकटणाऱ्या चिठ्ठ्यांच्या गड्ड्या होत्या. पंचविशी-तिशीतली मुलेमुली खाली सतरंजीवर आमच्या बायकांशेजारी बसून प्रश्न विचारत होती. कोणी मध्ये बोलत नव्हते, 'असं नाही हो, असं असतं' म्हणून शिकवत नव्हते. पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या आमच्या मावशी जेवणाच्या सुट्टीत म्हणाल्या, "एवढा वेळ माझं कोणी ऐकलंच नव्हतं. नवऱ्यानं तर नाहीच नाही." सगळ्या हसल्या, मीही हसले.

भिंतीवर एका बाईचे चित्र लावले होते. वय चौतीस, दोन मुले, शिवणकाम करते, स्वतःचे दुकान काढायचे स्वप्न आहे. ती खरी बाई नव्हती. अनेक बायकांशी बोलून तयार केलेली ती 'आपली वापरकर्ती' आहे, असे आम्हाला सांगितले. मावशींनी चित्र नीट पाहिले आणि विचारले, "हिला सासू नाही का?" तो प्रश्नसुद्धा लगेच एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून भिंतीवर गेला.

त्या दिवशी बायकांनी दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या.

पहिली गोष्ट पेन्सिलीची. आमच्या गटाच्या वहीत सगळे पेनने लिहितात, पण एखादीचा हप्ता चुकला तर तिच्या नावापुढे पेन्सिलीने खूण करतात. पाळणाघराची फी, नवऱ्याचे दारूचे पैसे, मुलाचे आजारपण, कारण काहीही असो, तिला दोन-तीन आठवडे मिळतात. तिने पैसे आणले की खूण खोडून पेनने आकडा लिहितात. ती खूण काय आहे हे गटात सगळ्यांना माहीत असते आणि बाहेर कोणालाच माहीत नसते. गेली नऊ वर्षे गट यावर टिकला आहे.

दुसरी गोष्ट फोनची. अकरा जणींपैकी पाच जणींकडे स्वतःचा फोन नव्हता. गटात नंबर द्यावा लागतो म्हणून त्यांनी नवऱ्याचा किंवा मुलाचा दिला होता. त्यांपैकी एक ताई, मी नाव लिहीत नाही, म्हणाली की तिची बचत किती झाली हे घरात कोणालाही ठाऊक नाही आणि तसेच राहायला हवे. मुलीला नर्सिंगला घालायचे पैसे होते ते. हे सांगताना तिने एकदा माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली, म्हणजे बोल, काही हरकत नाही.

सहा-सात महिन्यांनी ॲप आले. दिसायला सुंदर, मराठीत, आकडे मोठे. त्यात पेन्सिल नव्हती. हप्त्याची तारीख उलटली की नावासमोर लाल खूण येत होती आणि ती गटाबाहेरही, कर्ज देणाऱ्या संस्थेला दिसत होती. प्रत्येक जमेचा मेसेज नोंदलेल्या नंबरवर जात होता, सोबत एकूण शिल्लक. त्या ताईच्या नवऱ्याला एके संध्याकाळी कळले की बायकोकडे अकरा हजार चारशे रुपये आहेत. पुढच्या आठवड्यात तिने ते काढून घेतले. कोणी काढायला लावले हे तुम्हाला सांगायला नको. मला ती एवढेच म्हणाली, "ताई, तुम्ही नेलं म्हणून मी बोलले."

मी कंपनीत फोन केला. तिथल्या मुलीला मनापासून वाईट वाटले, तेही मला जाणवले. तिने कारण सांगितले आणि ते खोटे नव्हते. काही ठिकाणी गटाच्या प्रमुख बायकाच पैशांचा घोटाळा करतात, म्हणून प्रत्येक सभासदाला मेसेज जायला हवा, असा कर्ज देणाऱ्या संस्थेचा आग्रह होता. लाल खुणेचे कारणही तेच, पतपुरवठा करणाऱ्याला धोका आधी कळला पाहिजे. "आणि पेन्सिल?" मी विचारले. ती म्हणाली, "ती आम्हाला सगळ्यांना खूप आवडली होती."

आवडली होती, यात शंका नाही. पण आवडण्याने काय होते?

ही पद्धत आली कुठून

त्या दिवशी जे झाले त्याला 'डिझाइन थिंकिंग' म्हणतात. डिझाइन करणारे ज्या रीतीने विचार करतात ती रीत धंद्यातल्या कुठल्याही प्रश्नाला लावायची, अशी कल्पना. हर्बर्ट सायमन या अर्थतज्ज्ञाने १९६९ सालच्या आपल्या पुस्तकात डिझाइनकडे एक विचारपद्धती म्हणून पाहिले होते. पुढे कॅलिफोर्नियातल्या आयडिओ या कंपनीने आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या तिच्या स्नेही प्राध्यापकांनी त्याचे शिक्षणात आणि व्यवसायात रूपांतर केले. आयडिओचे टिम ब्राउन यांचा 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मधला लेख २००८ सालचा, आणि त्यानंतर ही पद्धत जगभरच्या कंपन्यांत पसरली. आपल्याकडे इन्फोसिससारख्या कंपनीने २०१४ नंतर हजारो कर्मचाऱ्यांना तिचे प्रशिक्षण दिले. आज बँकेचे ॲप असो, किराण्याचे असो की दवाखान्याचे, ते करणाऱ्यांच्या तोंडी हीच भाषा असते.

तिच्या पाच पायऱ्या सांगतात. आधी वापरणाऱ्याच्या जागी जाऊन त्याचे जगणे समजून घ्यायचे. मग प्रश्न नेमका मांडायचा. मग भरपूर कल्पना काढायच्या, कोणतीही हसण्यावारी न्यायची नाही. मग कागदाचा, पुठ्ठ्याचा, स्वस्तातला नमुना करायचा. शेवटी तो वापरणाऱ्याच्या हातात देऊन पाहायचे आणि चुकला तर पुन्हा मागे जायचे.

यात वाईट काय आहे? काहीच नाही. उलट हे वाचताना आपल्याला ओळखीचे वाटते. शिबिरात गोल करून बसणे, प्रत्येकीला बोलू देणे, अनुभवातून प्रश्न मांडणे हे आपण १९७५ च्या आगेमागे सुरू झालेल्या गटांमधून करत आलो आहोत. बायकांना न विचारता केलेल्या गोष्टींचे काय होते तेही आपण पाहिले आहे. १९८० च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा मोठा कार्यक्रम काढला. धूर कमी व्हावा हा हेतू चांगलाच होता. पण कितीतरी चुली काही दिवसांत पडून राहिल्या. घरातले मोठे भांडे बसत नव्हते, मोडली तर दुरुस्त कोण करणार हे ठरलेले नव्हते, भाकरी नीट भाजत नव्हती. जिने रोज चुलीपुढे बसायचे तिला कोणी आधी विचारले असते तर? म्हणून विचारायला येणाऱ्यांना मी हाकलून देणार नाही. माझे भांडण पहिल्या पायरीशी नाहीच.

गिऱ्हाईक कोण?

माझा प्रश्न असा की पाचही पायऱ्यांवर निर्णय कोण घेतो? टिम ब्राउन यांनीच सांगितले आहे की चांगल्या कल्पनेला तीन कसोट्या लागतात : माणसांना ती हवी असली पाहिजे, तंत्राने ती शक्य असली पाहिजे आणि धंद्याला ती परवडली पाहिजे. तिन्ही जुळल्या तर उत्तम. नाही जुळल्या तर? आमच्या ॲपचे पैसे बायका देत नव्हत्या. पैसे देत होती कर्ज देणारी संस्था. तिला पेन्सिल परवडणारी नव्हती. म्हणजे सतरंजीवर बसून ज्यांचे ऐकले त्या 'वापरणाऱ्या' होत्या, गिऱ्हाईक दुसरेच होते. हे आम्हाला त्या दिवशी कोणी सांगितले नाही, आणि आम्ही विचारलेही नाही.

या पद्धतीचे गोडवे गाताना एक दाखला नेहमी दिला जातो. आयडिओने अमेरिकेतल्या एका मोठ्या बँकेसाठी, बँक ऑफ अमेरिकासाठी, लोकांच्या पैशांच्या सवयी पाहिल्या. तेव्हा दिसले की काही बायका बिलाची रक्कम लिहिताना वरच्या पूर्ण आकड्याला नेतात, म्हणजे हिशेबही सोपा आणि चार पैसेही मागे पडतात. त्यावरून २००५ साली बँकेने योजना काढली : कार्डाने खरेदी केली की रक्कम पुढच्या पूर्ण डॉलरला न्यायची आणि वरची चिल्लर आपोआप बचत खात्यात टाकायची. लाखो लोकांनी ती घेतली. योजना वाईट नाही, बचतच झाली. पण आपल्या आज्या डाळीच्या डब्यात नाणी टाकत, मोडीचे पैसे बाजूला ठेवत, ते हेच नव्हे का? बायकांनी तुटपुंज्या पैशांत संसार ओढताना जी अक्कल कमावली ती इथे शोध म्हणून बँकेच्या नावावर गेली. घरकाम मोजले जात नाही हे आपण इतकी वर्षे सांगतो. त्या घरकामातून आलेले ज्ञानही असेच फुकट उचलले जाते, एवढी भर त्यात घालायला हवी.

दुसरी बाजू आणखी कठीण आहे. घरी येऊन फेशियल, वॅक्सिंग करणाऱ्या बायका ज्या ॲपवर काम करतात त्यात 'वापरणारी' कोण धरली आहे? बोलावणारी ग्राहक. तिला एका बोटाने वेळ ठरवता येते, एका बोटाने तारे देता येतात. तिच्या सोयीचा बारीक विचार झालेला असतो. आणि जी जड पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावर येते, तिला कंपनी 'भागीदार' म्हणते. ऑक्टोबर २०२१ मध्ये अर्बन कंपनीच्या गुरुग्राम इथल्या कार्यालयासमोर या भागीदार बायका जमल्या. कापले जाणारे कमिशन आणि ताऱ्यांवर अवलंबून असलेली रोजी या त्यांच्या तक्रारी होत्या. डिसेंबरमध्ये त्या पुन्हा बसल्या, तेव्हा कंपनी त्यांच्याविरुद्ध न्यायालयात गेली. 'वापरून पाहा आणि चुकले तर सांगा' ही पाचवी पायरी त्या बायकांनी रस्त्यावर बसून पार पाडली, असे मी म्हणते. ॲपवर काम करणाऱ्यांसाठी देशातला पहिला कायदा राजस्थानने २०२३ मध्ये केला, त्यामागे अशा कामगारांच्या संघटना होत्या. त्यासाठी कोणत्याही कंपनीने चिठ्ठ्या चिकटवल्या नव्हत्या.

महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनीही २०२१ च्या ऑगस्टमध्ये हेच केले. सरकारने दिलेले फोन चालत नव्हते, माहिती भरायचे ॲप इंग्रजीत होते. त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे काढून फोन परत केले. यंत्र परत करणे हेही मत देणेच असते.

निर्णय बायकांचा असतो तेव्हा

याच्या उलट उदाहरणे आपल्याजवळच आहेत. अहमदाबादला १९७४ साली सेवा बँक निघाली तेव्हा बहुतेक सभासद बायकांना सही येत नव्हती. म्हणून खातेदार बाईचा, हातात खाते क्रमांकाची पाटी घेतलेला फोटो हीच तिची ओळख ठरवली गेली. हे कुठल्या सल्लागार कंपनीने सुचवले नव्हते. बँक त्या बायकांची होती.

सातारा जिल्ह्यात म्हसवडला १९९७ मध्ये सुरू झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेची एक गोष्ट चेतना सिन्हा यांनी २०१८ मधल्या एका भाषणात सांगितली आहे. बँकेने बायकांना कार्ड आणि पिन द्यायचे ठरवले. बायकांनी पिन नाकारला. आकडा कोणीही चोरू शकतो, अंगठा चोरता येत नाही, तेव्हा अंगठ्याने व्यवहार होऊ द्या, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि बँकेने ते मानले. तंत्र तेच, यंत्रही तेच. फरक इतका की ज्यांचे पैसे त्यांचे 'नाही' तिथे मोजले गेले.

आमच्या ताईला हेच मिळाले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ७९ टक्के जणींचे स्वतः वापरतात असे बँक खाते होते, पण स्वतः वापरतात असा मोबाइल ५४ टक्के जणींकडेच होता. म्हणजे निदान चौघींतल्या एकीचे खाते तिचे आणि फोन दुसऱ्याचा. एवढी मोठी गोष्ट शोधायला कार्यशाळा लागत नाही, आणि कार्यशाळेत सांगूनही ती मानली गेली नाही.

आता आपल्याकडेही बोट दाखवते. आपण काय वेगळे केले? किती पाहण्या केल्या, बायकांच्या कहाण्या उतरवून अहवाल छापले, परिषदांत वाचले. त्यांतल्या किती बायकांकडे आपण तो अहवाल घेऊन परत गेलो? कार्यशाळेत ताईने माझ्याकडे पाहिले तेव्हा ती कंपनीवर नव्हे, माझ्यावर विश्वास टाकत होती. मी तिच्या वतीने एकही प्रश्न विचारला नव्हता. जेवण चांगले होते, मुले नम्र होती, मला बरे वाटत होते.

काही मैत्रिणी म्हणतात, जाऊच नका, भांडवलदारांची चाल आहे. मला ते पटत नाही. ॲप आपल्याशिवायही होणार आहे, आणि चुलीसारखे झाले तर भोगायचे बायकांनीच आहे. पण यापुढे मी अटी घालून जाईन. त्या अशा :

एक, पैसे कोण देते आणि त्याला काय हवे आहे, हे आधी मराठीत लिहून द्यावे.

दोन, त्या दिवसाची मजुरी, प्रवासखर्च आणि मुलांना सांभाळण्याची सोय हवी. बायकांचा वेळ म्हणजे देणगी नव्हे.

तीन, बोललेले काय टिपले त्याची प्रत आमच्याकडे राहील. ज्या गोष्टी सांगितल्याने एखादीला घरात धोका आहे त्या वेगळ्या ठरवल्या जातील. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मागताना भारतीय भाषेत समजावण्याची आणि दिलेली संमती मागे घेण्याची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून अंमल टप्प्याटप्प्याने होणार आहे. आपल्या गटांनी हा कायदा आत्ताच वाचून ठेवायला हवा.

चार, वस्तू बाजारात येण्याआधी त्याच बायकांसमोर पुन्हा यायचे. आमचे काय घेतले, काय सोडले आणि का सोडले, हे तोंडावर सांगायचे. तेव्हा बायका 'हे असे नको' म्हणाल्या तर ते थांबले पाहिजे.

पाच, हॉलमध्ये कोण आलेले नाही हे आपण विचारायचे. आमच्या अकरा जणींत एकही एकटी राहणारी नव्हती, एकही बहिरी नव्हती, वस्तीच्या त्या टोकाच्या पालावरची तर कोणीच नव्हती.

चौथी अट कंपन्या मानतील का? बहुतेक मानणार नाहीत. एका गटाने घातली तर दुसऱ्या गटाला बोलावतील. म्हणून हे सगळ्या गटांनी मिळून ठरवावे लागेल. घरेलू कामगार संघटना, बचत गटांचे महासंघ, अंगणवाडी सेविकांच्या युनियन यांनी एकत्र बसून असा करारनामा तयार करावा आणि तो नसेल तर कोणीच जायचे नाही, असे मला वाटते.

आमच्या गटाने ॲप बंद केले आहे. वही पुन्हा सुरू आहे, पेन्सिलसुद्धा. ती ताई गटात आहे, पण अजून तिने नवी बचत सुरू केलेली नाही. मुलगी यंदा बारावीला आहे. गटाने तिच्या फीसाठी कर्ज मंजूर करायचे ठरवले आहे, आणि त्याची नोंद कोणाच्या फोनवर जाणार नाही.

तुमच्या गटाला असे बोलावणे आले होते का? तुम्ही काय केलेत? जरूर लिहा. करारनाम्याचा मसुदा करायला आम्ही पुढच्या तिमाहीत बसणार आहोत.